भत्त्याच्या रांगेत

मंदी आली तेव्हा मी बुऱ्हाणपुरातल्या एका कापड कारखान्यात ठाण तपासायचो. दिव्याखाली कापड सरकवायचं, बोटांनी तुटका धागा हुडकायचा, खडूनं खूण करायची. काम सुटलं, पण बोटांची खोड सुटली नाही. घरातल्या चादरी, बायकोच्या पोळ्या, मुलीचं अक्षर, सगळ्यात मला खोट दिसायला लागली. आमच्या बुधवारा मोहल्ल्यात मात्र "माल कमी आहे, सुट्टीवर आहे," असं सांगत फिरायचो. रोज सकाळी तापीच्या पुलावर जाऊन उभा राहायचो. तिथं मनात काय यायचं, ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बेकारी भत्त्याचं नाव काढलं की मी खवळायचो. आता भीक मागू काय? शेवटी बायको म्हणाली, "भीक कशाची? विम्याचे पैसे तुमच्याच पगारातून कटत होते ना? मग मांगायला शरम कसली? जाऊन तर या."

गेलो. रांगेत मान खाली घालून उभा राहिलो. पुढच्याच्या शर्टावर तुटका धागा दिसला आणि सवयीनं बोट लावलं. तो दचकून वळला, तर आमच्याच गल्लीतला शेजारी. लूमचं काम सोडून निंबोल्याला केळीच्या धंद्यात पडलोय, असं तो दोन महिने मला सांगत होता.

"काय हो, केळीचा भाव काय म्हणतो?" मी विचारलं.

"तुमची सुट्टी कधी खतम होते ते सांगा आधी," तो म्हणाला.

दोघंही हसलो. किती दिवसांनी हसत होतो, देव जाणे. खिडकीतल्या बाईंनी दोघांचे चुकलेले अर्ज स्वतः दुरुस्त केले, एकही टोचणारा शब्द न बोलता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

भत्ता निम्म्या पगाराएवढा, तोही तीनच महिने. पण किराणा आला, मुलीची फी गेली, मला झोप लागायला लागली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी चांगली जाडजूड निघाली.

पहिला भत्ता जमा झाला त्या दिवशी जेवताना मी बायकोला पुलाचं सगळं सांगून टाकलं. ती वरण वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"मालूम आहे," ती म्हणाली. "रोज तुमच्या मागं मागं येत होती मी."