बाकीच्यांनी मान्य केलंय

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात माणसांची मनं वळवायचं काम माझ्याकडे होतं, आणि माझी रीत ठरलेली होती. प्रत्येकाला वेगळं गाठायचं आणि सांगायचं, "बाकीच्यांनी मान्य केलंय." मग तोही मान्य करायचा. वरचे लोक मला हुशार समजत. मीही समजत असे.

गेल्या वर्षी सकाळच्या पाळीच्या दोन बसची एक करायचं ठरलं. एक बस मैलापूरहून ऑफिसातल्या जुन्या मंडळींना आणायची. दुसरी शोळिंगनल्लूरहून पुण्या-नाशिककडच्या तरुण इंजिनिअरांना. या दुसरीत वेळच्चेरीला तपासणी विभागातली एक बाई चढायची. मी आराखडा केला. बस शोळिंगनल्लूरहून पहाटेच निघेल, वेळच्चेरीवरून मैलापूरला वळसा घालील, मग कारखाना. तिन्हीकडे माझं ते वाक्य टाकलं आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी ती बाई टेबलाशी आली. तमिळमध्ये म्हणाली, "सार, नोकरी सोडायची तर किती दिवस आधी सांगावं लागतं?"

तिची आई अंथरुणाला खिळलेली. आईला बघणारी मावशी साडेसहाला येते, आणि नवी बस सहालाच येणार होती.

"मग सही का केलीत?"

"बाकीच्यांनी मान्य केलंय म्हणालात ना. माझ्या एकटीसाठी सगळ्यांचं कशाला अडवू?"

मला मान वर करवेना.

दुपारी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि सांगून टाकलं, "आधी कुणीच मान्य केलं नव्हतं. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो." सह्यांचा कागद तिथेच फाडला.

एक इंजिनिअर म्हणाला, "म्हणजे सर, दिवाळीच्या सुट्टीच्या वेळी बाकीच्यांनी मान्य केलंय म्हणालात, तेही असंच?"

"असंच."

कुणी हसलं नाही. मग मैलापूरचे हेडक्लार्क उठले. तंजावरकडच्या मराठी घरातले, निवृत्तीला आलेले. "साहेब, आतां तुम्ही बसा. आम्हीच बोलतों."

त्यांनी आधी त्या बाईला तमिळमध्ये वेळ विचारली. ती कितीदा तरी "पर्वाल्ले, चालेल काहीही" म्हणाली. पण तिनं वेळ सांगितल्याशिवाय त्यांनी पुढचं बोलणं सुरू होऊ दिलं नाही. शेवटी ती म्हणाली, "पावणेसात."

"झालें. मैलापुरास रेल्वे आहे, आम्ही वेळच्चेरीस येतों. पण आमची गाडी येईपर्यंत बस हालतां नये."

"काका, पाच मिनिटं थांबू," मघाचा इंजिनिअर म्हणाला. "तुमची कॉफी संपेपर्यंत नाही."

"दहा. आणि पुढच्या सीटा आमच्या. आमचे गुडघे तुमच्यासारखे वॉरंटीतले नव्हेत."

"सात मिनिटं. सीटा घ्या!"

आता मात्र सगळे हसले. अर्ध्या तासात ठरलं, आणि तेवढ्या वेळात कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. इतकी वर्षं मी या माणसांना वेगवेगळं ठेवलं, जणू एकत्र आली की भांडतीलच. भांडली, पण काय सुरेख भांडली! माझ्या कुठल्याही यशाचा मला एवढा अभिमान वाटलेला नाही.

नवा कागद शेवटी त्या बाईपुढे आला. तिनं पेन उघडलं, पण सही करण्याआधी वळून सगळ्यांना विचारलं, "सगळ्यांना खरंच मान्य आहे ना?"

"सम्मदम्!" सगळं कॅन्टीन एकदम ओरडलं. त्यात माझाही आवाज होता, पण या वेळी फक्त माझ्या एकट्याचा.

मग तिनं सही केली.