लेन्सच्या डबीतली छोटी खिडकी
कपाट आवरताना जुन्या लांब लेन्सची चामड्याची डबी उघडली, तर तोच कुबट वास आला आणि ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालचा, बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतला, शेजारच्या काकूंच्या मुलीचा साखरपुडा आठवला. माझ्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लांबची लेन्स लावली तरी खिडकीत सगळे दिसायचे, फिल्मवर मात्र मधलेच यायचे. त्यासाठी, फिल्मवर येईल तेवढेच दाखवणारी, कॅमेऱ्यावर बसवायची छोटी खिडकी डबीतच होती, पण ती माकडटोपीसारखी दिसते म्हणून मी लावली नाही. ऐटीत पार गेटपाशी जाऊन ओरडलो, ‘रेडी!’ फोटो धुऊन आले, तर जोडी झकास, आणि सगळ्यांना पुढे करून कडेला उभ्या राहिलेल्या काकूंचा नुसता पदर. चूक माझी हे मला बघताक्षणी कळलं, तरी म्हणालो, ‘काकू, तुम्ही ऐन वेळी बाजूला सरकलात ना!’ त्या ओशाळल्या. ‘माझाच चुकला रे बाबा, मीच कडेक उभी रवलंय.’ पुढे कुणीही कॅमेरा काढला की त्या आधी विचारायच्या, ‘मी फोटोत येतंय ना रे?’ आज ती छोटी खिडकी हातात घेतली. अजून कोरी करकरीत आहे.