आज भट्टी लागून राहिली

"आज भट्टी लागून राहिली," असं सर म्हणाले की समजायचं, भट्टी चालू आहे, ते जेवायला येणार नाहीत.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. आमंत्रण दिलं की हसतो, येत मात्र नाही. गोंदियाच्या आमच्या कॉलेजात ते स्थापत्य शिकवत, मी गणित.

वीजकेंद्राची राख, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट कालवून ते सिमेंटशिवाय ठोकळे करत. जिओपॉलिमर म्हणतात त्याला. मग प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत ते आठशे अंशांपर्यंत तापवायचे. तेवढ्या आचेत सिमेंटचा ठोकळा भुसभुशीत व्हायचा, सरांचे बरेचसे टिकायचे. एकदा मात्र एक आतच फुटला. मी कारण विचारलं.

"पाणी राहून गेलं होतं पोटात," ते म्हणाले. "त्याले बाहेर जाले वाट भेटली नाही."

त्यांची बायको गेल्यापासून हे वेड वाढलं, असं लोक म्हणत. मुलगा बंगळुरूला होता. आवारातलं क्वार्टर दिवसभर बंदच असे.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी वीज गेली. घरी डाळीचे गोळे घातलेला गोळाभात झाला होता, म्हणून मी सरांना बोलवायला गेलो. भट्टीशेजारी स्टुलावर ते एकटेच बसले होते. मला पाहताच म्हणाले, "आज जमत नाही. भट्टी लागून राहिली."

माझी नजर वरच्या बंद पंख्याकडे गेली. त्यांचीही गेली.

"घरी गेलो का कुलूप मलेच उघडा लागते," ते म्हणाले.

मी घरी जाऊन डबा तिथेच घेऊन आलो. जेवता जेवता त्यांनी पहिल्यांदाच बायकोबद्दल सांगितलं. ती दरेकशाची. माहेर स्टेशनाजवळ, त्यामुळे गाडी आली की बोलणं मध्येच थांबवायची आणि गाडी गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलायची. प्रवासात खिडकीची जागा कायम तिचीच. सांगताना त्यांना हसू आलं, मग डोळ्यांतून पाणी आलं. मी भात वाढत राहिलो.

त्यानंतर दर रविवारी ते न बोलावता आमच्याकडे येऊ लागले. येताना कधी पेरू, कधी शिंगाडे. माझ्या बायकोला सांगत, "मीठ कमी आहे." ती रागवायची आणि त्यांना आणखी वाढायची.

निवृत्तीनंतर मुलगा त्यांना न्यायला आला. मी स्टेशनवर गेलो होतो. मुलगा सामान लावत होता. डब्यात गर्दी नव्हती. सर खिडकी सोडून, बाजूच्या जागेवर अंग आकसून बसले. मी म्हटलं, खिडकीशी बसा, वारा लागेल. त्यांनी नुसती मान हलवली.

गाडी हलली. खिडकीची जागा तशीच रिकामी होती, आणि तिच्या पलीकडून सर मला हात हलवत होते.