व्हर्लिनचा ब्रेक काही ठरेना

आर्डिस ओस्टबीला आयुष्यात पहिल्यांदा एकटेपणा लाभला तो सत्तरीत, आणि तोही भर हमरस्त्यावर. हे पुण्य तिच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या चोखंदळपणाचं.

नॉर्थ डकोटाची थंडी सोसेना म्हणून दोघं दर हिवाळ्यात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्कामाला येत. बाजारहाटाला लहान गाडी हवीच. लोक ती मोटरहोमच्या मागे जोडून ओढत आणतात. पण उतारावर मागची गाडी पुढच्या धुडाला ढकलते, म्हणून तिला स्वतःचा वेगळा ब्रेक लागतो. घोडं अडलं ते तिथेच. व्हर्लिनने जन्मभर पोरांना गाडी शिकवलेली. तो ताकही फुंकून पिणारा. ब्रेक ठरेपर्यंत गाडी जोडायची नाही, असं त्याने जाहीर केलं आणि आर्डिस ती चालवत मागून येऊ लागली.

तिला ते भलतंच आवडलं. व्हर्लिनशेजारी बसलं की तो रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवी. लहान गाडीत ती पोल्का नाचाची गाणी लावून बेसूर गाई, वाटेल तिथे थांबून दालचिनीचा रोल खाई आणि पेट्रोलला रांग होती म्हणून ठोकून देई.

तळावर संध्याकाळी घडीच्या खुर्च्या मांडल्या की ब्रेकचं गुऱ्हाळ सुरू.

"पेटी घे, व्हर्लिन," शेजारचा वेंडेल म्हणे. "मागच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायची. तू इथे ब्रेक मारलास की ती तिथलं पेडल दाबते."

"त्यापेक्षा कायमचाच बसवला तर?"

"आणि गाडी विकताना काय, उपटून काढणार?"

व्हर्लिनचं पेटीवर जमत आलं की आर्डिस विणकामातून मान वर न करता विचारी, "आणि पेडल दाबूनच बसली तर? चाकं पेटायची रे!"

"बघ, हिला कळतं," म्हणत व्हर्लिन पुन्हा विचारात पडे. असा बिब्बा घालत तिने दोन हिवाळे काढले.

तिसऱ्या वर्षी वेंडेलने आपली जुनी पेटीच आणून दिली. "वापरून तर बघ, मग ठरव!" आर्डिसला बोलायला जागा उरली नाही. परत निघायच्या सकाळी तिने गाडीचं दार उघडलं, तर पेटी तिच्या सीटला टेकून बसलेली, तिच्याच पेडलवर हात ठेवून. आर्डिसला रडू आलं, आणि एका खोक्यापायी आपण रडतो म्हणून लाजही वाटली.

मोटरहोममधल्या तिच्या खुर्चीवर डोनटचा रिकामा डबा होता. व्हर्लिनची साखर डॉक्टरांनी केव्हाच बंद केलेली.

"वेंडेलचा असेल," व्हर्लिन घाईघाईने म्हणाला.

घाट आला. उतारावर पेटीने काम चोख केलं. मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर गाडी सुतासारखी सरळ येत होती. व्हर्लिनने दोन पाट्या वाचल्या आणि तिसरी तशीच जाऊ दिली. घाट संपताच त्याने मोटरहोम कडेला घेतली.

"आर्डिस, गाडी डावीकडे ओढतेय, नाही का गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. कान लाल झाले होते.

"ओढतेय ना," ती म्हणाली. "केव्हाची ओढतेय."

"उगाच धोका कशाला?"

"छे, छे. भलतंच!"

उभ्या संसारात त्यांचं इतक्या लवकर कधी पटलं नव्हतं. पेटी निघाली, गाडी सुटली. पुढच्याच गावात मोटरहोमने डोनटच्या दुकानाकडे वळायचा दिवा दाखवला. आर्डिसने पोल्काचा आवाज वाढवला आणि तिकडे न बघता सरळ पुढे निघून गेली.