ऊटा म्हणजे उठा नव्हे

कॉलेजातल्या गार्गीचा मेसेज आला: "रविवारी आम्ही पीण्या या कारखान्यांच्या भागात जेवण वाटतो. येणार असशील तर ये. भांडलास तर त्याच बसने परत." कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मला कुणी इतक्या प्रेमाने बोलावलं नव्हतं. साताऱ्याहून रात्रीची स्लीपर पकडली.

जाणार असाल तर वरचा बर्थ घेऊ नका. हुबळीपर्यंत माझं डोकं छताशी वाद घालत होतं. मॅजेस्टिकच्या मुख्य बसस्थानकापर्यंतही जाऊ नका. यशवंतपूरला उतरा, लोणी घातलेली ताटाएवढी इडली खा आणि मेट्रोने पीण्या गाठा.

गार्गीचं घराणं राजाजीनगरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतं, पण मराठीत कानडीची फोडणी असते. लग्नाच्या हॉलमध्ये उरलेला बिसीबेळेभात मामाच्या व्हॅनमध्ये भरून ती आली. म्हणाली, "अण्णा, पातेली उतरव."

अण्णा! एवढा प्रवास करून भाऊ झालो.

एका वर्कशॉपला टाळं लागलेलं, त्यामुळे कँटीनही बंद. तिथल्या बायका ताटल्या घेऊन रांगेत. पातेली उतरवून मी कट्ट्यावर टेकलो, तोच रांगेतली एक बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "ऊटा आयता?"

माझं डोकं फिरलं. "का उठू? कट्टा काय तुमचा आहे?"

बाई हसायला लागली. गार्गी मात्र डाव घेऊनच धावली. "स्वल्प गप्प बस! जेवलास का, असं विचारतेय अक्का!"

बाईच्या ताटलीत अजून काहीच पडलं नव्हतं.

पुढे मी तोंड मिटून वाढत राहिलो. शेवटी पातेलं खरवडलं, तर माझ्यासाठी काही उरलं नाही. तीच अक्का आली, आपल्या ताटलीतला अर्धा भात माझ्यापुढे सरकवला आणि उठायची खूण करून पुन्हा हसली. निघताना गार्गीला विचारलं, "त्याच बसने परत ना?"

"बघू," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही, याची नोंद घ्या.

साताऱ्यात परतलो. आमच्या गल्लीत केबलसाठी चर खणणारे तिघे सावलीत बसलेले. ऐटीत विचारलं, "जेवलात का?"

"नाही," एकजण म्हणाला.

हा प्रश्न विचारताना अशा उत्तराची तयारी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात पळालो, पोळ्यांचा डबा उघडला, तर रिकामा. आईला सगळं सांगून खुर्चीत बसलो.

"बसतोस काय?" आई म्हणाली. "ऊठ. कणीक मळ."

माझ्या पहिल्या करपलेल्या पोळीचा फोटो गार्गीला पाठवला. उत्तर आलं: "सरी, ठीक आहे. पुढच्या रविवारी पिठाचे हात धुऊन ये." या वेळी अण्णा नव्हतं.