आधी वक्ता, मग सुशीला

रविवारची बैठक उरकून मी घरी येतो, पायातल्या चपला काढतो आणि पुढच्या रविवारची काळजी पायात घालतो. मग आठवडाभर तीच घालून फिरतो.

परभणीत आमच्या सेवाभावी मंडळींचा एक क्लब आहे. रक्तदान, शाळांना पंखे, उन्हाळ्यात पाणपोई, अशी कामं आम्ही करतो. पण नेमाचं काम एकच : दर रविवारी सकाळी एका पाहुण्या वक्त्याचं भाषण ऐकणं. तो वक्ता हुडकून आणायची जबाबदारी माझ्याकडे आहे. ती मला गुणांवरून मिळालेली नाही. ज्या बैठकीत जबाबदाऱ्या वाटल्या, तिला मी गैरहजर होतो.

माझं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून "खालची ओळ वाचा" म्हणतो, पण तो वाचत असताना माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे नसतंच, आवाजाकडे असतं. आवाज जरा खणखणीत लागला की मी विचारतो, "रविवारी मोकळे आहात का?" एक जण तर नंबर न काढताच उठून गेला. त्याला वाटलं, रविवारी ऑपरेशन करायलेत.

काय करणार? वक्ते संपत आलेत. मधुमेहावर इतके डॉक्टर बोलून गेले, की आमचे सदस्य जिलेबी खाता खाता एकमेकांना पथ्य सांगतात. विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी बोंडअळीचं सगळं चरित्र सांगून संपवलं. हृदयरोगतज्ज्ञ आले, त्यांची ओळख मी चुकून मागच्या आठवड्यातल्या वास्तुतज्ज्ञांच्या कागदावरून करून दिली. "यांनी कित्येकांची दारं इकडची तिकडं करून नशिबं पालटली," असं म्हणालो. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी मात्र भाषणभर माझ्याकडं असं पाहिलं, की माझीच छाती धडधडायला लागली.

क्लबचा एक नियम तेवढा पक्का आहे : आधी वक्ता, मग आभार, मग सुशीला. कांदा-मिरचीच्या खमंग फोडणीत भिजलेले मुरमुरे, वरून शेंगदाणे आणि कोथिंबीर. पूर्वी खाणं आधी असायचं. तेव्हा एका रविवारी वक्ते बोलायला उभे राहिले आणि समोर मी, अध्यक्ष आणि रिकाम्या प्लेटा एवढेच उरलो. तेव्हापासून आभार संपल्याशिवाय पातेल्याचं झाकण उघडत नाही.

तर, दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. एक म्हातारबुवा लेकीला घेऊन चष्म्यासाठी आले. राणीसावरगावच्या बाजूचे. म्हातारबुवा अक्षरं अडखळत वाचत होते आणि मागून लेक त्यांना दुरुस्त करत होती. तिचा आवाज ऐकून माझे कान टवकारले.

"ताई, तुमी काय करता?"

"शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत."

"रविवारी मोकळ्या आहात का?"

म्हातारबुवाच बोलले, "डोळे माझे तपासायलाव का लेकीचे?"

पण ती हसली नाही. म्हणाली, "तुमचे अध्यक्ष असतात का बैठकीला? असतील तर येते. मला त्यांच्याच समोर बोलायचंय."

मग तिनं सांगितलं. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक येतात आणि अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मागं पोरांना सांभाळायला कुणी नसलं की पोरंही जातात, आणि वर्गातले बाक रिकामे होतात. मुलांच्या मुक्कामाची सरकारी मंजुरी यायची तेव्हा येईल. ट्रक मंजुरीच्या आधी येतात. स्वयंपाक करून रात्री पोरांजवळ निजायला गावातल्या एक आजी तयार होत्या. अडलं होतं ते छपराशी. आणि आमचे अध्यक्ष आडत व्यापारी. त्यांचं एक गोडाऊन नेमकं तिच्या शाळेला लागून. सोयाबीन विकलं की तूर येईपर्यंत रिकामंच.

"दोनदा त्यांच्या आडतीवर गेले," ती म्हणाली. "दोन्ही वेळा म्हणाले, बघू. चारचौघांत विचारलं तर काहीतरी सांगावं लागंल ना त्यांना. हो नाहीतर न्हाई."

मी लगेच रविवार दिला. दिवाळीआधीचा शेवटचा. मनात खूश होतो. माझा एक आठवडा सुटला होता.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "नीट आठवा. हा रविवार दुसऱ्या कुणाला दिला न्हाई ना?"

"छे!"

रविवारी सकाळी ताई पहिल्या एसटीनं आल्या. मी त्यांना दारातूनच आत नेत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय राव, आलो बरं का ठरल्याप्रमाणं!"

वळून पाहतो तर अध्यक्षांचे व्याही. म्हणजे अध्यक्षांची लेक ज्यांच्या घरी दिली, ते मुलाचे वडील. निवृत्त इंजिनियर. खांद्याला लॅपटॉपची बॅग. आणि मला एकदम सगळं आठवलं. उन्हाळ्यात, त्याच लग्नाच्या पंगतीत, तोंडात जिलेबी असताना मी त्यांना म्हणालो होतो, "युरोप फिरून आलात म्हणे. या की एकदा आमच्याकडं फोटो घेऊन. दिवाळीआधीचा रविवार तुमचाच!"

तोंडात जिलेबी असताना माणसानं बोलू नये, हे मला आई सांगायची.

अध्यक्षांनी मला कोपऱ्यात ओढलं. "आधी व्याही. बाईंचं त्यांच्यानंतर घेऊ."

"पण ताई लांबून आल्यात."

"आणि व्याही? मुलाकडचे आहेत, राव! माझी पोरगी नांदायलीय तिथं!"

आपल्याकडं मुलीचा बाप जावयापुढं नमतो आणि व्याह्यापुढं वाकतो. व्याही सुरू झाले.

पहिला फोटो : कारंजं, आणि कारंजापुढं वहिनी, म्हणजे व्याह्यांच्या सौभाग्यवती. दुसरा फोटो : तेच कारंजं दुसऱ्या बाजूनं, आणि वहिनी. मग एक चर्च, चर्चपुढं वहिनी. मग एक फोटो असा, की त्यात वहिनी नव्हत्या. तर व्याह्यांनी त्या कुठं गेल्या होत्या ते सविस्तर सांगितलं. मी घड्याळाकडं बघत होतो. पहिल्या रांगेत ताई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या होत्या. त्याही घड्याळाकडंच बघत होत्या. मागं फोडणीचा वास सुटला. खुर्च्या कुरकुरायला लागल्या. माझ्या शेजारचा कुजबुजला, "अजून पॅरिसातच फिरायलेत. भारतात कधी यायचे?"

लांबलेल्या वक्त्याला आमच्याकडं चिठ्ठी जाते. मी कागदाचा कपटा घेतला आणि लिहिलं : "वेळ झाली. कृपया आवरा." एवढंच. नाव घातलं नाही. इतक्या मोठ्या माणसाला नावानिशी 'आवरा' कसं म्हणायचं? ही माझी सभ्यता. पुढं तिनंच घात केला.

चिठ्ठी पुढं सरकवली. पहिल्यानं वाचली आणि घाबरून शेजाऱ्याला दिली. "मी न्हाई देणार बुवा. अध्यक्षांच्या गाळ्यात दुकान हाय माझं." शेजाऱ्यानं ती पुढच्या रांगेत टाकली. तिथल्यानं वाचून मागं वळून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला कुणाला विष द्यायला सांगितलंय. तव्यावरच्या भाकरीसारखी चिठ्ठी ह्या हातातून त्या हातात, पण अध्यक्षांच्या व्याह्यापर्यंत न्यायची कुणाची छाती होईना. मी जागेवर चुळबूळ करत होतो. उठलो, बसलो, पाणी प्यायलो, परत उठलो.

शेवटी व्याही थांबले ते चिठ्ठीनं नाही. स्वित्झर्लंडच्या बर्फात शिरता शिरता लॅपटॉपची बॅटरी संपली.

मी धावतच माइकपाशी गेलो, ताईंची एका वाक्यात ओळख करून दिली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी आणि बहुधा एकमेव बरोबर ओळख. त्या उभ्या राहिल्या.

"नमस्कार. आमच्या गावात दिवाळीनंतर ट्रक येतात," त्यांनी सुरुवात केली. "ट्रकात भांडी चढतात, सरपण चढतं, शेळ्या चढतात. आणि सगळ्यात शेवटी..."

इतक्यात पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेले निवृत्त मुख्याध्यापक जागे झाले. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. झोपेत कुणीतरी कोंबलेली. त्यांनी ती वाचली. समोर कुणीतरी बोलतंय हे पाहिलं. जन्मभर वेळेवर घंटा दिलेला माणूस. ते उठले आणि कर्तव्य म्हणून चिठ्ठी ताईंच्या हातात ठेवली.

ताईंनी वाचली. मान वर करून थेट माझ्याकडं पाहिलं. अक्षर त्यांनी ओळखलं होतं. वडिलांच्या चष्म्याच्या पावतीवर तेच होतं. चिठ्ठीची बारीक घडी घालून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली.

"वेळ झालेली दिसते. धन्यवाद." आणि बसल्या.

टाळ्या झाल्या. लय जोरात. सुशीला जवळ आला की आमच्या टाळ्यांना वेगळाच जोर चढतो. लोक उठायलाच लागले. मी दोन्ही हात वर केले, "थांबा, थांबा! आभार राहिलेत!"

खुर्च्या परत कुरकुरल्या. नियम म्हणजे नियम. आभार व्हायचे होते आणि झाकण बंद होतं. आणि आभार मानायचे होते मी. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, की ह्या सभागृहात एवढी ताकद मला आजवर कधीच नव्हती.

"युरोप दाखवल्याबद्दल साहेबांचे आभार," मी म्हणालो. "आता ताईंचे आभार. पण कशाबद्दल मानू? त्यांना जे मागायचं होतं ते माझ्या गाढवपणामुळं राहूनच गेलं. ती चिठ्ठी त्यांच्यासाठी नव्हती." (कुणासाठी होती, हे मी सांगितलं नाही. इतका गाढव मी नाही.) "ताई, सगळ्यात शेवटी ट्रकात कोण चढतं ते सांगा. मग मला आभार मानता येतील."

"मागं सोडायला जागा नसलेली पोरं," त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. मग उठल्या. "शाळेशेजारी अध्यक्षसाहेबांचं गोडाऊन आहे. तूर येईपर्यंत रिकामं. त्याची किल्ली मागायला आले होते."

सगळ्या माना अध्यक्षांकडं वळल्या. अध्यक्षांनी घसा खाकरला.

"बघू की," ते म्हणाले. "तसं काही न्हाई, पण बघावं लागंल."

"बघा मग," मी म्हणालो. "तोवर माझे आभार चालू आहेत. मंडप, माइक, सतरंजी..."

"अहो, द्या की किल्ली!" मागून कुणीतरी ओरडलं. "मुरमुरे लगदा व्हायलेत!"

"उंदरांना राहू देता, पोरांना द्यायला काय होतंय?" दुसरा.

अध्यक्ष चुळबुळले. आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही : त्यांनी व्याह्यांकडं पाहिलं. व्याही लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. मान वर करून सहज म्हणाले, "व्याहीबुवा, एवढं मोठं गोडाऊन हाय तुमचं? बोलला न्हाईत कधी. देऊन टाका की. शोभतं तुमाला."

संपलं. मुलाकडच्या माणसानं शोभतं म्हटल्यावर मुलीचा बाप काय करणार? अध्यक्षांनी तिथल्या तिथं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मी आभार पूर्ण केले आणि झाकण उघडलं. सुशीला गार झाला होता. कुणी तक्रार केली नाही. म्हणजे माझ्या तोंडावर केली नाही.

दिवाळी सरली तसा ताईंचा फोन आला. "ट्रक आज जायलाय. तुमी येता का? वक्ता पायजे."

मला थट्टा वाटली. तरी गेलो. गंगाखेडच्या पुढं रस्ताभर मन थाऱ्यावर नव्हतं. पोरं राहतील का, आया ऐनवेळी पोरांना उचलून ट्रकात घालतील का. गोडाऊन झाडून सारवल्यासारखं केलं होतं. सोयाबीनचा वास अजून होता. एका कोपऱ्यात अंथरुणं, दुसऱ्या कोपऱ्यात चूल आणि आजी. मधे पोरं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. काही आयांचा पोरं मागं सोडायचा जीव झाला नव्हता. ती पोरं बाहेर ट्रकात भांड्यांवर बसली होती.

ताईंनी मला बाजूला घेतलं. "निरोप झालेत सगळ्यांचे. पण ट्रक हलला की पोरं मागं पळतात. मागच्या साली एक पोरगी चाकाजवळ गेली होती. तुमी दार लावून आत बोलत राहा. जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवा."

"कशावर बोलू?"

"ते तुमचं तुमी बघा."

एवढे वक्ते आणले मी, सगळ्यांना आवरा आवरा म्हणत आलो, आणि स्वतःवर आली तर तोंडाला कोरड. समोर पोरं बसलेली, कान मात्र सगळ्यांचे दाराकडं. बाहेर इंजिन घरघरलं. एक पोरगी उठायला लागली.

"एक कारंजं होतं," मी ओरडलोच. "पॅरिसात! आणि कारंजापुढं कोण होतं?"

पोरगी थांबली. "कोण?"

"वहिनी!"

पोरं हसली. मग मी सोडलंच नाही. कारंजं ह्या बाजूनं, कारंजं त्या बाजूनं. चर्च. चर्चपुढं कोण? "वहिनी!" पोरं एकसुरात ओरडायला लागली. बाहेर कुणीतरी हाका मारल्या; मी आवाज वाढवला. हॉर्न वाजला, मी आगगाडी वाजवली. व्याह्यांचा एकही फोटो मी गाळला नाही. जे त्यांनी दाखवलेच नव्हते तेही दाखवले. लॅपटॉप बंद पडला त्याच्या पुढं, स्वित्झर्लंडच्या बर्फात, पोरांना घेऊन मी एकटाच चालत निघालो. घामानं शर्ट भिजला होता. घरघर अजून ऐकू येतेय का नाही, हे मला कळेना, आणि थांबायची हिंमत होईना.

दार किलकिलं झालं. ताई आत आल्या. डोळे लाल होते. त्यांनी पर्स उघडली आणि माझ्या हातात एक बारीक घडी घातलेला कागद ठेवला.

मी उघडला. माझंच अक्षर होतं.

"वेळ झाली. कृपया आवरा."