गारगोट्यांची गावं

आक्का गारगोटी कधी नुसती पुसून ठेवत नसत. आधी तळहातावर घेऊन दोनदा तोलत आणि म्हणत, "भायनं सगळी सारखीच की वो सर."

ते खरंच होतं. तुम्ही आमच्या बेळगावच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला असता, तर खणांत तुम्हालाही बटाट्यांसारखे मळकट दगडच दिसले असते. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. पुढं त्या अकीक या पट्टेदार खनिजानं भरतात, आणि भोवतीचा काळा कातळ झिजला की या गारगोट्या सुट्या होतात. कापून घासली, की आत निळ्या-पांढऱ्या वळ्या, एकीत एक.

आक्का तिथल्या अटेंडर. माहेर निपाणीकडचं, सासर काकतीचं. दर शनिवारी सगळे खण काढून बसायच्या. मी नवा होतो, म्हणालो, "दगडाला एवढं काय पुसायचं?"

"धूळ बसली की वळ्या दिसत न्हाईत. मग पोरं बघत न्हाईत, पाठ करून लिवत्यात."



एका पावसाळ्यात छत गळलं. सुटी होती, कुणाला कळलंच नाही. कपाट उघडलं तेव्हा चिठ्ठ्यांचा लगदा झालेला, दगडांवरचे नंबर धुऊन गेलेले, रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटलेली. विभागप्रमुख म्हणाले, "कुठला ते माहीत नसेल, तर तो नमुना नाही, नुसता दगड. बागेतल्या वाफ्यांना लावून टाका." त्यांचं चुकत नव्हतं.

आक्का बादली घेऊन दारात उभ्या होत्या. "सर, मला ठाव हाय त्यांची गावं."

प्रमुखांनी आम्हाला आठ दिवस दिले.

आक्का एकेक दगड हातात घेत, अंगठा फिरवत आणि सांगत. "ही तवंदी घाटातली, रस्ता रुंद करत हुते तवा आलती. हिच्या बुडाला हिरवट हाय बघा." "ही काकतीच्या खाणीतली. ही मोडली हुती, मीच चिकटवली." मी लिहून घेत होतो, पण मनात शंका होतीच.

मग एक दगड त्यांनी बराच वेळ फिरवला आणि बाजूला ठेवला. "ह्येचं ठाव न्हाय."

"अंदाजे सांगा की."

"ठाव न्हाय म्हंजे न्हाय. उगं गाव कशाला चिकटवायचं?"

तिथंच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. प्रमुखांचा बसायचा होता. हा संग्रह जमवलेले सर निवृत्त होऊन शहापुरात राहत होते. सहा गारगोट्यांची दुसरी अर्धुकं त्यांच्याकडं चिठ्ठ्यांसकट होती. आम्ही आमची अर्धुकं पिशवीत घालून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चिठ्ठ्या हाताखाली झाकल्या आणि आक्कांना विचारत गेले. सहाही गावं जुळली. म्हातारे सर चष्मा पुसत म्हणाले, "मी स्वतः चार सांगितली असती."

आक्का पदर नीट करत एवढंच म्हणाल्या, "तुमी एकदा आणलीसा. मी दर शनवारी बघतीया."

संग्रह वाचला. नव्या रजिस्टरात माहिती देणाऱ्याच्या रकान्यात प्रमुखांनी स्वतःच्या हातानं आक्कांचं पूर्ण नाव लिहिलं. ज्यांचं गाव ठाऊक नव्हतं, ते अकरा दगडही आक्कांनी टाकू दिले नाहीत. "कोण तरी वळकंल," म्हणाल्या.

दोन वर्षांमागं त्या निवृत्त झाल्या. परवा विद्यार्थ्यांना घेऊन काकतीला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. सून म्हणाली, "आत्ती न्हाईत. वरल्या मळ्यात हीर खोदाय लागल्यात, तकडं गेल्यात. आता कवा येत्यात काय की."

अंगणातल्या कट्ट्यावर गारगोट्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीखाली कॅलेंडरचा फाटका कागद आणि त्यावर वाकड्या, ठळक अक्षरांत कुणाचं शेत, कुठली विहीर, किती हात खोल.

आम्ही चपला काढून तिथंच उभे राहिलो. एका मुलीनं वही उघडली आणि पहिल्या दगडापासून उतरवून घ्यायला सुरुवात केली.